नथ्थू आबांची मूठ

१४ जुलै, सोमवार

मंदाबाईने पोहे परतता परतता जाहीर करून टाकलं — यंदा निवाऱ्यात कानबाई बसवायची! विचारलं नाही, सांगितलं. हातात झारा असला की ती कुणालाच काही विचारत नाही.

मी म्हटलं, बाई, हे महापालिकेचं बेघर निवारा केंद्र आहे, तुझ्या सासूचं घर नाही. तर म्हणे, सासूच्या घरातून काढलं म्हणून तर मी इथे आले. आली होती निवाऱ्याला, आता आमचा सगळा स्वयंपाक तिच्या ताब्यात आहे. पोहे झकास झाले होते.

पण अडचण आहेच. कानबाई म्हणजे गणपती नव्हे, की चार जणांनी मांडव टाकला आणि बसवली. ती एकेका घराण्याची. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद जमतात. त्याआधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा, तो दळून रोट करायचे, आणि ते रोट त्या घराण्यानेच खायचे. परक्याला तुकडा नाही. आणि आमच्याकडे तर सगळेच एकमेकांना परके.

१५ जुलै

हितेंद्रला फोन केला. निवारा चालवणाऱ्या संस्थेचा वरचा कारभार तो बघतो. म्हणाला, बसवा की मॅडम, फोटो तेवढे पाठवा. फोटो नसला तर या मुलाला सूर्य उगवल्याचंही पटत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

गुडघ्यांनी आज संप पुकारला. दुपारपर्यंत खुर्चीतूनच राज्य केलं. काही बिघडलं नाही. उलट सगळं वेळेवर झालं, हे जरा लागलंच!

परवा कुठल्याशा मंडळाने सत्कार केला, त्यात ‘आयुष्यभर समाजसेवा’ असं चारदा म्हणाले. मला आठवतं ते नुसतं चालणं आणि भांडणं. साक्री तालुक्यात नर्सबाई होते तेव्हा पाड्यापाड्यांवर चालले, डांबरी रस्ता दिसला की अंगावर मूठभर मांस चढायचं. निवृत्त झाल्यावर जळगावात दवाखान्यातल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी खिचडीचं पातेलं चालवलं, तिथे भांडले. मग याच शहरात हा निवारा. घर मांडलं नाही. मांडायचं राहून गेलं असंही कधी वाटलं नाही. संध्याकाळी सगळे जेवायला बसले की मी दारात उभी राहते. मला फार बरं वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

इथलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे माणूस त्याच्या घरी पोचवणं. गाव कळलं की मी सुटते. एकाच माणसापुढे डाळ शिजत नाही — नथ्थू आबा. थंडीत स्टेशनवरून आणलं तेव्हापासून घराबद्दल एक शब्द नाही. बोली धुळ्याकडची, पांझराकाठची, इतकं माझ्या कानाला कळतं. गाव विचारलं की म्हणतात, ‘आठे बरं शे.’ इथे बरं आहे! बरं आहे म्हणून कोण घर सोडतं?

२० जुलै, रविवार

कानबाईची सभा. म्हणजे सगळे ओट्यावर बसले आणि एकदम बोलले.

कुणाची कानबाई म्हणायची? कुणाच्या घराण्याची? निवाऱ्यातला पंडित (भटजी नव्हे, नावच पंडित) म्हणाला, आपण काय एका रक्ताचे आहोत का? मंदाबाईचं तोंड उतरलं. तेव्हा नथ्थू आबा उठले. सहा-सात महिन्यांत या माणसाने इतकं लांबलचक भाषण केलं नव्हतं. ‘तुम्ही बठ्ठा एकच चूलनं खातस ना? मंग भाऊबंदच शेतस.’ एका चुलीवरचं खाणारे ते भाऊबंद. झालं! कुणी वादच घातला नाही. मग नारळ कसा निवडायचा, चौरंग कुठे, रोटाला गूळ किती — सगळं त्यांनाच विचारणं सुरू झालं. म्हातारा फुलला होता.

मी मध्येच विचारलं, बायकांची मूठ? मंदाबाईनेच मला गप्प केलं. ‘बाईची मूठ नसते अक्का. बाई दळते.’

माझ्या माहेरी, वरणगावला, तेच आहे. धाकटा भाऊ जितेंद्र मला दरवर्षी आग्रहाने बोलावतो. लग्न झालेली लेक दुसऱ्या घरची होते, पण मी कुठली? म्हणून रोट खायचा हक्क अजून शाबूत आहे. सदुसष्टाव्या वर्षीही कुमारिका! पण मूठ निघते ती जितेंद्रची, त्याच्या मुलांची, उन्हाळ्यात जन्मलेल्या नातवाचीसुद्धा. ते पोरगं अजून पालथं पडत नाही, त्याची सव्वा मूठ. माझी नाही. राग येतो. दरवर्षी येतो. मग रोट खाते आणि परत येते.

२९ जुलै, नागपंचमी

पुरणाच्या दिंडांना वाफ कमी पडली. तरी एकही उरलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

गहू काढला. नथ्थू आबा थोरले म्हणून त्यांच्या हाताने. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. एकेकाचं नाव घ्यायचे, मूठ भरायचे, वर पाव मूठ, आणि परातीत सोडायचे. पंडितचं नाव घेतलं तेव्हा तो रडला. काय झालं विचारलं तर म्हणे, गहू डोळ्यात गेला. गहू!

सगळ्यांची झाली. आबांनी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. मंदाबाई म्हणाली, आबा, तुमची राहिली. त्यांनी गाठ मारली. ‘मनी नही.’ माझी नाही, म्हणे. उठले आणि नळावर हात धुवायला गेले.

मंदाबाईला फार लागलं. म्हणाली, आम्हाला भाऊबंद म्हणायला सांगतात, आणि स्वतः वेगळे राहतात. मलाही राग आला. इतकी हौस केली आणि शेवटी भरल्या पानावरून उठले.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी आबांना गाठलं. म्हटलं, असं का केलंत ते सांगा, नाहीतर मंदाबाई आज चूल पेटवणार नाही.

ते खाली बघत म्हणाले, ‘मनी मूठ मना घरनी शे, अक्का. एक माणूसनी मूठ दोन घरमा निंघस नही.’

आपली मूठ आपल्या घरची आहे — म्हणजे हा माणूस अजून त्या घरातच आहे! मी गुडघे विसरून खाली बसले. मग सगळं निघालं.

नऊ वर्षांपूर्वी पुतण्याचं, भूषणचं, लग्न. धुळ्याला मंगल कार्यालय. नथ्थू आबा घरातले थोरले. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, धाकटा भाऊ भाईदास याच्याच घरात सगळा जन्म. टोपी-टॉवेलचा आहेर सुरू झाला आणि पहिली टोपी चढली भाईदासच्या मेहुण्याच्या डोक्यावर. आबा रुसले. उठून एस.टी. स्टँडवर जाऊन बसले. आता भाऊ येईल, हात धरेल, मनधरणी करेल. भाऊ आला नाही. तिकडे मांडवात सगळ्यांना वाटलं, म्हातारा जेवून गावच्या गाडीत बसला असेल. अंधार पडला तशी यांनी समोर दिसली ती गाडी धरली. ती जळगावची होती. पुढे केळीच्या गाड्या भरल्या, अंग थकलं तसं स्टेशन. एका टोपीपायी नऊ वर्षं! हसावं की थोबाडीत मारावी, कळेना.

म्हटलं, उद्याच चला, मी येते. नाही म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्याला मेलेलं धरलं असेल, तेरावं उरकलं असेल, मग त्या दारात कसं उभं राहायचं? मग माझ्याकडे बघितलं. मला जाऊन यायला सांगितलं. एकच गोष्ट विचारायची — घरच्या कानबाईत आपली मूठ निघते का. निघत असली तर पत्ता सांगायचा. ‘नही निंघत व्हई ते सांगू नका. मंग मी मरेलच बरा.’

गावाचं नाव सांगितलं. मी इथेही लिहीत नाही, शब्द दिलाय. पिंपळनेरच्या पुढे.

जितेंद्रला फोन केला, उद्या येत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो रागावला. रागावू दे.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन दिवसांचं एकदम लिहिते. कंबर राहिलेली नाही.

काल पहिल्या गाडीने धुळे, तिथून साक्री, पिंपळनेर. कंडक्टरने विचारलं, आजी, माहेरी का? म्हटलं, हो. पुढे काळीपिवळीत कोंबून गेले. साक्रीपुढे डोंगर दिसायला लागले आणि मी उगाच खूष झाले. पायांना अजून ओळख होती.

गावात पोचले तर घरोघर कानबाई. डफ वाजताहेत, बाया फुगड्या घालताहेत, प्रत्येक दारातून पुरणाचा वास. भाईदासचं घर विचारत गेले. ते एकच घर शांत. अंगण सारवलेलं नाही, दाराला तोरण नाही. भाईदास ओट्यावर एकटे बसले होते, आत त्यांची बायको कमलबाई कुकर लावत होती. खिचडी! कानबाईच्या दिवशी!

मी म्हटलं, पूर्वी या भागात नर्स होते, गाव बघायला आले. बायकांना नर्सबाई म्हटलं की पुरतं. पाणी दिलं, चहा टाकला. मग विचारलं — तुमच्याकडे कानबाई नाही?

कमलबाईने सांगितलं. थोरला भाऊ गेला, कुठे गेला ठाऊक नाही. भूषणने सुरत पाहिली, नाशिक पाहिलं. (जळगाव नाही पाहिलं. जवळचं कोण बघतं!) त्या वर्षी श्रावणात मुठी काढायला बसले आणि नथ्थूच्या नावावर भाईदासचा हात थांबला. काढावी आणि तो मेलेला असला, तर मेलेल्याची मूठ देवीच्या रोटात गेली. न काढावी आणि तो जिवंत असला, तर भावाने स्वतःच्या हाताने त्याला मारलं. परातीसमोरून तसेच उठले. तेव्हापासून त्या घरात कानबाईच बसलेली नाही. भाऊबंद म्हणाले, त्याचं तेरावं करून टाका आणि मोकळे व्हा. भाईदासने त्यांच्याकडे जाणं-येणं सोडलं. दरवर्षी या दिवशी सगळं गाव पुरण खातं आणि हे दोघं खिचडी.

मी चहाची बशी धरून बसले होते. आबांना दिलेला शब्द आठवला. मूठ निघते का? निघत नाही. खरं उत्तर तेच होतं. आणि निघत नसली तर सांगायचं नाही, हेही ठरलेलं. आयुष्यात अडली बाळंतपणं सोडवली, पण अशी कधी अडले नव्हते. वाटलं, उठावं, जावं, आबांना विचारून यावं. मग भाईदासकडे बघितलं. त्यांचे हात मांडीवर होते, नुसते ठेवलेले. मला राहवलं नाही.

म्हटलं, ‘काढा मूठ. हात थांबवू नका.’

कमलबाईने गॅस बंद केला. भाईदासनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं विचारतील कुठे आहे, कसा आहे. त्यांनी विचारलं, ‘जेवस का तो?’

जेवतो का! म्हटलं, दोन भाकरी, वर भात, आणि मंदाबाईच्या भाजीला नावं ठेवतो. तेव्हा ते रडले. मीही रडले. कमलबाई आत गेली आणि भांडी आपटत राहिली, तिची तऱ्हा तशी असावी.

रात्री तिथेच ठेवून घेतलं. पत्ता आबांना विचारून कळवते म्हटलं, भूषणचा नंबर घेतला. खिचडी चांगली होती.

आज दुपारी परत. इथे विसर्जन चाललेलं! मंदाबाई डोक्यावर पाट घेऊन पुढे, पंडित डफ बडवतोय, बाकीचे मागे नाचताहेत. पोलीससुद्धा वाट करून देत होता. आबा कडेला उभे, नजर माझ्यावर. तिथे नाही सांगितलं. परत आल्यावर सांगितलं, सगळं, जसंच्या तसं, शब्द मोडला तेही. ते उठून झोपायला गेले. जेवले नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज मी खूप ओरडले.

सकाळी आबा आले ते तणतणतच. नऊ वर्षं देवीला उपाशी ठेवलं म्हणजे काय? भाईदास पहिल्यापासून येडा आहे, याला घर सांभाळता येत नाही! मला बरं वाटलं. म्हटलं, चला मग, अडचण असली तर श्रावणातल्या पुढच्या रविवारी बसवतातच, तुम्हीच बसवा. तर थांबले. म्हणाले, मी कसा जाऊ? रुसलेला माणूस काय आपल्या पायाने परत जातो? मनवायला यायला पाहिजे!

माझं डोकंच फिरलं. वेडे पोचवले, आजारी पोचवले, हरवलेले पोचवले, पण रुसलेला हा पहिलाच! म्हटलं, तुमच्या भावाने तुमच्यासाठी देव बंद ठेवला, आता अजून किती मनवायचं? ते तोंड फिरवून बसले. मंदाबाईने मला पाणी आणून दिलं आणि सांगितलं की त्यांचं बरोबर आहे. मला इथे कुणी विचारत नाही.

संध्याकाळी गपचूप भूषणला फोन केला, पत्ता सांगितला, मनवायला या म्हटलं.

६ ऑगस्ट, बुधवार

दुपारी आले. भाईदास आणि कमलबाई, नवे कपडे घालून, जणू लग्नालाच.

आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. भाऊ फाटकात दिसला तरी उठले नाहीत. भाईदास सरळ पुढे गेले, पिशवीतून पांढरी टोपी काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी भावाच्या डोक्यावर ठेवली. खांद्यावर टॉवेल टाकला. पाया पडले. सगळा निवारा जमला होता.

आबांनी टोपी चाचपली. ‘ढिल्ली शे,’ म्हणाले.

‘तू बारीक व्हई गया, भाऊ,’ भाईदास म्हणाले.

मंदाबाईने घाईघाईने शिरा केला. चारच्या गाडीने गेले. फाटकापर्यंत सगळे पोचवायला. आबांनी पंडितला पोत्याची गाठ कशी मारायची ते पुन्हा एकदा दाखवलं, पुढच्या वर्षासाठी. मला नुसते हात जोडले. मी पण.

७ ऑगस्ट

त्यांची गादी उन्हात टाकली. मंदाबाई रडत होती आणि भाजीत मीठ दोनदा पडलं. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आज मी अगदी सुखात आहे, हे साध्या शब्दांत लिहून ठेवते.

९ ऑगस्ट, राखी

वरणगाव. जितेंद्रचा राग उतरलेला. वहिनी म्हणाली, तुमचा रोटाचा वाटा आम्ही वाटून खाल्ला, आता वर्षभर थांबा. नथ्थू आबांची सगळी गोष्ट सांगितली. जितेंद्रने डोळे पुसले. म्हणाला, ताई, तू म्हणजे कमाल आहेस.

तेव्हा त्याला माझ्या मुठीचं विचारावं असं मनात आलं होतं. तोंडापर्यंत आलं. पोराला मांडीवर घेतलं आणि नाही विचारलं. बासुंदी छान होती.

१० ऑगस्ट, रविवार

आज तिकडे बसली असेल. दिवसभर फोनकडे बघत होते. आला नाही. गडबडीत असतील.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भाईदास आले. एकटेच, हातात फडक्यात बांधलेला डबा. आबा मजेत आहेत, घरात सगळ्यांना ओरडतात म्हणे. डब्यात एक रोट. म्हटलं, हे काय, तुमच्या कानबाईचा रोट मला कसा चालेल, मी परकी.

‘परकी कशी? तुमनी मूठ काढी ना आबानी.’

ते सांगत होते — बाईची मूठ त्यांच्या घराण्यात कधी निघाली नव्हती. भाऊबंद कुरकुरले. कमलबाई परातीसमोर येऊन बसली, म्हणाली, अक्काची काढता तर माझीही काढा. दोन्ही काढल्या.

ते गेल्यावर आबांचा नियम आठवला. एका माणसाची मूठ दोन घरांत निघत नाही. वरणगावचा विचार आला. पण तिथे माझी निघाली कधी होती?

सबंध रोट खाल्ला. मंदाबाई समोर उभी होती. तिला तुकडाही दिला नाही.